डिग्री हातात, बीट शहागंज!

ग्रॅज्युएशन झालं. मित्रांपैकी कुणी वाळूजच्या कंपनीत चिकटला, कुणी पुण्याला आयटीत गेला. आणि तुम्ही घरी जाहीर केलंत, ‘मी पेपरमध्ये जाणार!’ बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पगार किती?’

प्रश्न रास्तच आहे, बॉस! सुरुवात प्रशिक्षणार्थी म्हणून होते आणि तेव्हाचं मानधन इंजिनीअर मित्राला सांगवत नाही. पुढे बातमीदार किंवा उपसंपादक. मग मुख्य उपसंपादक, वृत्तसंपादक. रविवारची सुट्टी मात्र विसरायची!

तरी या वाटेला आपल्या शहरात वजन आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेले अनंत भालेराव इथेच ‘मराठवाडा’चे संपादक होते. ‘लोकमत’ 1982 मध्ये इथे आला, तर 2011 मध्ये ‘दिव्य मराठी’ची सुरुवातच इथून झाली. शिकायचंय? विद्यापीठात आणि एमजीएममध्ये पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत.

पण खरा क्लास भरतो शहागंजात. घड्याळाचा मनोरा, चमन, कपड्यांची दुकानं, रमजानमधली रात्रीची गर्दी. कुठल्या गल्लीत नळाला किती दिवसांनी पाणी आलं, हे प्रेसनोटमध्ये सापडत नाही. ते टपरीवर कळतं, तेही दोन-चार कटिंग झाल्यावर!

आणि कधी परीक्षाही इथेच होते. मे 2018 मध्ये शहागंज, राजाबाजार, मोतीकारंजा भागात दंगल उसळली. दुकानं जळाली, दोघांचा जीव गेला. अशा रात्री प्रत्येक मोबाइलवर वेगळा आकडा फिरत असतो. डाक आवृत्तीची वेळ टळत चाललेली, डेस्कवरून फोनवर फोन. तेव्हा बातमीदाराने घाटीत विचारायचं, पोलिसांना विचारायचं आणि दोन्ही जुळल्याशिवाय आकडा द्यायचा नाही. त्या रात्री चुकलेला एक आकडा म्हणजे सकाळी आणखी एक पेटलेलं दुकान. बायलाइनची किंमत कळते ती अशी.

आता बातमी आधी मोबाइलवर जाते. व्हिडिओ काढता येणं, दोन ओळींत सांगता येणं हे हवंच. पण खात्री करायची सवय कुठलं अ‍ॅप देत नाही.

तेव्हा पगार बिनधास्त विचारा. नेमणूकपत्र लेखी मागा. आणि हो म्हणण्याआधी एक आठवडा शहागंजात पायी फिरा. रोज एक बातमी सापडली, तर बाबांना समजवायला काहीतरी हातात असेल. नाही सापडली, तर वाळूज आहेच की!