चहा घ्यावा, पण भाकरीपासून तासभर दूर



दिवस उजाडला की चुलीवर पहिले आधण चढते ते चहाचे. धारा काढून झाल्या की चहा, पाहुणा आला की चहा, खुरपणीच्या बायांना दुपारी चहा, बाजारात सौदा झाला की चहा. गरिबाच्या घरीही आल्या माणसाला नुसते पाणी देऊन पाठवत नाहीत. असे हे पेय अंगाला चांगले की वाईट, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कुणी म्हणतो चहा म्हणजे विष, कुणी म्हणतो चहाने हृदयरोग टळतो. दोन्ही बोलणी टोकाची आहेत. कार्यक्रमात सांगितलेली माहिती हाताशी राहावी म्हणून या पत्रकात ती थोडक्यात दिली आहे. घरात वाचता येणाऱ्याने ती सर्वांना वाचून दाखवावी, विशेषतः घरातल्या बायाबापड्यांना. कारण चहाचा खरा हिशेब त्यांच्या अंगावर निघतो.

चहा आपल्याकडे आला कसा?

चहा हेही एक पीकच आहे. झुडपाच्या शेंड्याची कोवळी दोन पाने आणि एक कळी खुडून, ती सुकवून चहा करतात. आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरी हे आपल्या देशातले मोठे चहाचे मुलूख. आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ साली झाला. पुढे बराच काळ हा माल परदेशी जाण्यासाठीच पिकत होता. चहाचा खप वाढावा म्हणून १९०३ साली चहावर खास कर बसवण्यात आला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या सुमारास आसामात पाने चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणे करण्याचे यंत्र आले. आज आपण घरी आणतो ती दाणेदार चहा पावडर याच पद्धतीची. थोड्या पावडरीत गडद रंग येतो, म्हणून ती गरिबाला परवडते. थोडक्यात, चहा ही आपली पिढ्यान्पिढ्यांची सवय नव्हे. आपल्या पणज्यांची न्याहारी भाकरी, ताक आणि कांद्याची होती.

चहात असते तरी काय?

तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, कॅफिन. चहा घेतल्यावर तरतरी येते, झोप उडते ती याच्यामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार १५० मिलिलिटरच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर ते जाऊ नये. म्हणजे कडक चहाचे चार कप झाले की हात आखडावा. कॅफिनचा अंमल लवकर उतरत नाही. पाच-सहा तासांनंतरही त्यातले जवळजवळ निम्मे अंगात असते. रात्री मोटर चालू करायला उठायचे म्हणून घेतलेला चहा पहाटेपर्यंत झोप लागू देत नाही, तो यामुळे.

दुसरी, चहाचा तुरटपणा. जिभेला ओढ बसते ती ज्या द्रव्यांमुळे, ती पानातल्या टॅनिनसारख्या घटकांची. फायदा आणि तोटा दोन्ही इथेच आहेत.

तिसरी गोष्ट पानातली नव्हे, आपण घातलेली : साखर.

चहाचे गुण

चहा वाईट असे समजू नका. पाणी उकळून केल्यामुळे त्यातले जंतू मरतात. साथीच्या दिवसांत नदी-विहिरीच्या कच्च्या पाण्यापेक्षा उकळलेला चहा केव्हाही बरा. मन एकाग्र होते, शीण हलका वाटतो. पानातली तुरट द्रव्ये रक्तवाहिन्यांना हितकारक असावीत, असे बऱ्याच अभ्यासांतून दिसते. ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख लोकांची ११ वर्षे नोंद ठेवून केलेली एक पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण चहा न घेणाऱ्यांपेक्षा शेकडा ९ ते १३ ने कमी आढळले.

पण यातून चहा हे औषध आहे असा अर्थ काढू नये. चहा पिणारी माणसे आणखी कशा-कशात वेगळी असतील, हे अशा पाहणीत पुरते वेगळे काढता येत नाही. शिवाय ज्याचे पोट भरलेले आहे त्याचा चहा वेगळा, आणि जो भुकेवर चहा मारतो त्याचा चहा वेगळा.

खरा तोटा : भाकरीतले लोह वाया जाते

आता मुख्य मुद्दा. अंगात रक्त तयार व्हायला लोह लागते. ते आपल्याला बाजरी, नाचणी, कडधान्ये आणि पालेभाज्यांतून मिळते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम, तर ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळावे, असे आपल्या पोषणतज्ज्ञांनी ठरवले आहे. म्हणजे बाईची गरज पुरुषाच्या दीडपट, आणि ताटात मात्र तिच्या वाट्याला शेवटचे उरलेले.

धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला आधीच कठीण. त्यातून भाकरीबरोबर किंवा भाकरी खाऊन लगेच चहा घेतला, की चहातली तुरट द्रव्ये पोटात लोहाला धरून बसतात. ते लोह रक्तात न जाता तसेच बाहेर पडते. प्रयोगांत असे दिसले आहे की जेवणाबरोबर चहा घेतल्यास अंगी लागणारे लोह निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे आपण खत टाकावे आणि पाण्याने ते वाहून जावे, तसेच झाले.

हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बाई लवकर दमते, जिना किंवा चढ चढताना धाप लागते, पापणीच्या आतला भाग आणि नखे पांढुरकी दिसतात. "काम फार पडते" म्हणून आपण सोडून देतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींना, आणि पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांना रक्त कमी असल्याचे आढळले. याला कारण एकटा चहा नव्हे. अपुरे अन्न, जंत, लागोपाठची बाळंतपणे ही मोठी कारणे आहेत. पण चहाचे कारण असे आहे की ते दूर करायला एक पैसा लागत नाही. फक्त वेळ बदलायची.

नियम सोपा आहे : जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा नको. जेवताना तहान लागली तर पाणी घ्या. भाकरी-कालवणावर लिंबू पिळा, कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळा खा. आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वाने लोह अधिक अंगी लागते. चहा जे हिरावतो, ते लिंबू मिळवून देते.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या चहाबरोबर गिळू नयेत, साध्या किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात. चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी फुकट जाते.

पोरांचा चहा

अनेक घरी पहाटेचे दूध सगळेच्या सगळे डेअरीला जाते आणि पोरांच्या कपात उरतो तो चहा. त्यात चपाती किंवा खारी बुडवून दिली, की पोर शाळेत पाठवले. पोट भरल्यासारखे वाटते, भूक मरते, पण हाडामांसाला काही मिळत नाही. कपभर चहात दूध असते ते पळी-दोन पळी. त्याला दूध म्हणता येणार नाही.

तान्ह्या आणि लहान मुलांना चहा मुळीच देऊ नये. कितीही ओढाताण असली तरी दूध विकताना प्रत्येक मुलामागे एक पेला घरात ठेवावा. शक्य नसेल तर नाचणीची आंबील, मुगाची खिचडी, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ द्यावा. चहापेक्षा हे शतपटीने बरे.

साखरेचा हिशेब

ऊस आपणच पिकवतो म्हणून साखर सगळी आपणच खावी असे नाही. एका कपात दोन चमचे साखर, चमचा ५ ग्रॅमचा, आणि दिवसाला पाच कप धरले, तर झाली ५० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे दिवसभराची मर्यादा आहे २५ ग्रॅम. म्हणजे नुसत्या चहातूनच दुप्पट. वर्षाचा हिशेब केला तर माणशी १८ किलो, आणि पाच माणसांच्या घरात ९० किलो, म्हणजे ५० किलोची जवळजवळ दोन पोती.

मधुमेह आता शहरापुरता राहिलेला नाही. म्हणून दर महिन्याला अर्धा चमचा कमी करत जा. जीभ सवयीची असते, दोन-तीन महिन्यांत कमी गोडही पुरते. गुळाचा चहा चवीला चांगला, पण मधुमेही माणसाला गूळही साखरेसारखाच. गूळ घालायचा असेल तर पातेले खाली उतरवल्यावर घाला, उकळत्या दुधात घातल्यास दूध फाटते.

शेतावर चहा

सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा घेऊन औत धरायचे आणि दहा वाजता पहिला घास खायचा, ही सवय मोडा. उपाशीपोटीच्या कडक चहाने अनेकांना पित्त होते आणि भूक दबते. आधी मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, नाही तर शिळ्या भाकरीचे दोन घास खा. मग तासाभराने चहा घ्या.

उन्हाळ्यात घाम गळतो तेव्हा चहाने तहान भागवू नका. पाणी, ताक, पन्हे घ्या. फार घाम आला, जुलाब झाले, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्या.

फवारणीच्या दिवशी विशेष जपा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी चालू असताना मध्येच बांधावर बसून चहा पिऊ नका. हात-तोंड साबणाने धुवा, कपडे बदला, मगच कप हातात घ्या. विषबाधा झाल्यास चहा पाजणे हा उपाय नव्हे. औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

चहा कसा करावा?

पाणी उकळले की पावडर घाला, दोन-तीन मिनिटे उकळी द्या आणि गाळा. चोथा पातेल्यात तसाच ठेवून दिवसभर त्यावरच पाणी-दूध घालून उकळत राहिल्यास तुरटपणा फार वाढतो. चहा वाफाळता घशात ओतू नका. ६५ अंशांपेक्षा गरम पेये नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. आपले जुने लोक बशीत ओतून, निववून पीत, ते योग्यच होते.

भेसळ ओळखण्यासाठी ओल्या टीपकागदावर चिमूटभर पावडर पसरा. लगेच रंगाचे डाग फुटले तर वापरलेला चोथा रंगवून विकला आहे असे समजा. पावडरीतून लोहचुंबक फिरवल्यास लोखंडाचा कीसही सापडतो.

उरलेला चोथा धुऊन, साखर काढून, गुलाबाच्या बुडाशी किंवा उकिरड्यात टाकावा, खत होते.

न्हाणीच्या पाण्यावर गवती चहा

दिवसातून चार वेळा चहा लागतोच, अशांनी दोन वेळा गवती चहा घ्यावा. यात कॅफिन नसते. पावसाच्या सुरुवातीला जुन्या ठोंबाचे मुळांसकट फुटवे काढून न्हाणीच्या पाण्यावर किंवा विहिरीच्या पाटाजवळ लावा. तीन-चार महिन्यांत पाती कापायला येते. जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर बुडखा ठेवून कापा. एक ठोंब चार-पाच वर्षे चालतो, नंतर नव्याने लावावा. दोन-तीन पाती, आल्याचा तुकडा आणि चार तुळशीची पाने पाण्यात उकळली की झाले. विकत काहीच आणावे लागत नाही.

लक्षात ठेवा

१. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको.
२. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी चालेल.
३. लहान मुलांना चहा नको, घरात त्यांच्यापुरते दूध ठेवा.
४. दिवसाला फार तर तीन-चार कप, साखर अर्ध्यावर.
५. दिवेलागणीनंतर चहा टाळा, झोप नीट लागेल.
६. फवारणीनंतर साबणाने धुतल्याशिवाय कप हातात घेऊ नका.

घरातल्या बाईला सतत थकवा वाटत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. तपासणीला वेळ लागत नाही. पिकाचे पान पिवळे पडले की आपण लगेच चौकशी करतो. घरच्या लक्ष्मीचा चेहरा पांढरा पडला तरीही तेवढीच तातडी दाखवा. चहा प्या, पाहुण्यालाही पाजा, फक्त भाकरीच्या ताटापासून तो तासभर दूर ठेवा.