शिपायाचें पत्र

शिपाई म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें. वास्तविक शिपायाच्या आयुष्यांत प्रत्यक्ष लढाईचे तास थोडे. बाकीचा सारा काळ पहारा, कवाईत, खणणें, ओझीं वाहणें आणि वाट पाहणें यांतच जातो. कशाची वाट? जेवणाची, पाळी संपण्याची आणि सर्वांत अधिक घरच्या पत्राची. ज्याला स्वतःला लिहितां येत नाहीं अशा माणसानें हजारों मैलांवरून आपलें घर कसें सांभाळलें, हें १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांतील हिंदी शिपायांच्या उदाहरणावरून चांगलें समजतें. म्हणून ती हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

हिंदी फौज २६ सप्टेंबर १९१४ रोजीं फ्रान्समधील मार्सेय बंदरांत उतरूं लागली. तींत पंजाब, गढवाल, नेपाळ व सरहद्दीकडील लोकांचा भरणा अधिक होता. अंगावर सुती खाकी कपडे आणि पुढें युरोपचा हिवाळा! खंदकांतील दिवस उजाडण्यापूर्वींच सुरू होई. शत्रूचा हल्ला बहुधा पहाटेस येतो, म्हणून सर्वांनीं बंदुका सज्ज करून अंधारांत उभें राहावयाचें. चांगलें उजाडलें म्हणजे पहारेकऱ्यांखेरीज बाकीच्यांनीं हत्यारें साफ करावयाचीं व मिळेल तेथें डुलकी घ्यावयाची. दिवसा डोकें वर काढणें धोक्याचें. त्यामुळें ढासळलेली माती सावरणें, काटेरी तारा बांधणें, अन्न व दारूगोळा वाहून आणणें हीं कामें रात्रीं होत. पायांखालीं चिखल आणि अंगावर उवा. पाळी बदलली म्हणजे मागच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या कोठारांतून मुक्काम पडे. तेथें आंघोळ, कपडे धुणें, पुन्हा कवाईत. शिधा म्हणून कणीक, डाळ, तूप, गूळ, मीठ, मसाला मिळे, आणि स्वयंपाक ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणें होई. विलायतेंत ब्रायटन शहरीं जुन्या राजवाड्यांत हिंदी जखमींचें इस्पितळ केलें होतें, तेथें तर निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या लोकांसाठीं नऊ स्वयंपाकघरें चालत.

विश्रांतीच्या या मुक्कामांत व इस्पितळांत पत्रें लिहिलीं जात. १९१५ सालीं फ्रान्समधून हिंदी शिपायांचीं आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रें निघत असत. हा आंकडा पाहून आश्चर्य वाटतें, कारण त्यांतील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पलटणींतील एखादा शिकलेला सोबती दहा जणांचीं पत्रें लिही. वाय. एम. सी. ए. च्या तंबूंत कागद व लखोटे मिळत आणि तेथील सेक्रेटरी शिपायाशेजारीं बसून त्याचें पत्र लिहून देत. (परक्याचें पत्र त्याच्याच शब्दांत लिहिणें किती कठीण असतें, हें ज्यांनीं केलें आहे त्यांना विचारावें.)

पत्र लिहून झालें कीं तें प्रथम पलटणींतील इंग्रज अधिकारी पाही. नंतर बुलोन्य शहरीं कॅप्टन हॉवेल नांवाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं खास हिंदी टपाल तपासण्याची कचेरी होती, तेथें त्यांतील कांहीं पुन्हा उघडलीं जात. शिपायांना हें ठाऊक होतें. म्हणून ते आडवळणानें लिहीत. काळी मिरी व लाल मिरची यांचा हिशेब एखाद्या पत्रांत आला, तर त्याचा मसाल्याशीं संबंध नसे. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांना हें उमगत नसे असें नाहीं. तरीहि त्यांनीं अडकवून ठेवलेलीं पत्रें एकंदरींत थोडींच.

खेड्यांतील बाजूही लक्षांत घ्यावी. तेथें टपालवाला किंवा शाळेचे मास्तर पत्र वाचून दाखवीत, आणि ऐकावयास घरचीं व शेजारचीं सर्व माणसें जमत. पत्नीला कांहीं सांगावयाचें तर तें सासऱ्याच्या नांवें लिहिलेल्या पत्रांत, चारचौघांसमक्ष. मग मनांतील गोष्ट यावी कशी? ती गुरांच्या, पावसाच्या, कर्जाच्या चौकशींतून येते. "बैल कसा आहे" या प्रश्नांत पुष्कळ कांहीं भरलेलें असतें, असें मला वाटतें. साध्या शिपायाचा पगार तेव्हां दरमहा अकरा रुपये. त्यांतून घरीं गेलेल्या पैशांचा हिशेबही पत्रांत विचारला जाई.

या पत्रांतील एक गोष्ट मात्र आमच्या विद्यार्थ्यांनीं, विशेषतः विद्यार्थिनींनीं, मुद्दाम ऐकावी. फ्रान्समध्यें पुरुष लढाईवर गेले असतां बायका शेतें सांभाळतात, हिशेब ठेवतात, वर्तमानपत्र वाचतात, हें शिपायांनीं मुक्कामाच्या घरीं प्रत्यक्ष पाहिलें. त्यानंतरच्या कित्येक पत्रांत, मुलांनाच नव्हे तर मुलींनाही शाळेंत घाला, असा आग्रह दिसतो. स्वतःचें पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेणाऱ्या माणसाचा हा आग्रह आहे.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवून मुख्यतः मेसोपोटेमियांत, म्हणजे हल्लींच्या इराकांत, पाठविण्यांत आलें. तेथें आपल्याकडील मराठा पलटणी आधींच लढत होत्या. त्यांपैकीं १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन पलटणी कुत या गांवीं ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यांत सांपडल्या. शिधा कमी कमी होत गेला. धान्य होतें तर दळावयास साधन अपुरें. विमानांतून जात्याचे दगड टाकावे लागले! घोड्याचें मांस खाण्यास हिंदी शिपाई फार दिवस तयार होईनात. बिनतारी यंत्रावरून सरकारी निरोप जात होते, पण घरच्या पत्रांची नेहमींची ये-जा जवळजवळ पांच महिने बंद पडली. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारे तेरा हजार माणसें शरण गेलीं. वाळवंटांतून पायीं नेतांना व नंतर आगगाडीच्या रस्त्याच्या कामावर त्यांतील फार लोक मेले. पत्र येत नाहीं म्हणजे माणूस कैदेंत आहे कीं गेला, हें गांवीं कसें कळावें? ज्या घरीं मनिऑर्डरहि थांबली, तेथें त्या बाईनें कोणता अर्थ घेतला असेल?

फ्रान्समधील पत्रांचे उतारे तपासनिसांच्या अहवालांत राहिले व ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पण ते इंग्रजी भाषांतरांत आहेत. मूळ कागद पुढें गांवोगांवीं गेले आणि बहुतेक नाहींसे झाले. आईला ऐकावयास मिळालेले शब्द आपणांस आतां त्या भाषांतरावरून ताडावे लागतात. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं माळ्यावरच्या पेटींत पणजोबांचें असें एखादें पत्र, कार्ड किंवा मनिऑर्डरीचा तुकडा असेल, तर तो जपून ठेवावा. घडीवर फाटला असल्यास चिकटपट्टी लावूं नये. शिक्क्यावरील तारीख व लष्करी टपालकचेरीचा क्रमांक टिपावा, आणि मजकुराची नक्कल करून शाळेंत आणावी. नक्कल करतांना लेखनिकाच्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र सुधारूं नयेत.