'मुलींच्या मानाने' भारी?

२०१७ साली महिला वर्ल्ड कपच्या तोंडावर एका पत्रकाराने मिताली राजला विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने उलट विचारलं, पुरुष खेळाडूंना त्यांची आवडती महिला क्रिकेटपटू कोण, हे विचारता का?

त्यानंतर बरंच बदललं. २०२१मध्ये नियमांत 'बॅट्समन'चा 'बॅटर' झाला. २०२२मध्ये बीसीसीआयने मॅच फी समान केली, वनडेला ६ लाख. २०२५मध्ये हरमनप्रीतच्या टीमने नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला.

आणि आपला कट्टा? तिथे सांगलीची स्मृती मानधना अजून 'नॅशनल क्रश'च! तिचा कव्हर ड्राइव्ह नंतर.

पुढच्या मॅचला कुणी 'मुलींच्या मानाने भारी खेळते' म्हणालं, तर एवढंच विचारा, 'मुलांच्या मानाने विराट कसा खेळतो रे?'