‘नी’ची बिऱ्हाडं

तमिळमध्ये ‘नी’ म्हणजे तू. मँडरिन चिनीतही ‘नी’ म्हणजे तूच. एवढं कळलं की कुणीतरी लगेच जाहीर करतो: या दोन्ही भाषा मुळात एकच! लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, मोबाइलवरच्या निरोपांत हा शोध मला इतक्यांदा भेटला आहे, की आता मी वाद घालत नाही, पुढचा शब्द विचारतो. ‘मी’ला काय म्हणतात? तमिळमध्ये ‘नान’, चिनीत ‘वो’. एक-दोन-तीन? इकडे ओन्ड्रु, इरंडु, मून्ड्रु. तिकडे ई, अर, सान. चर्चा तिथेच आटोपते.

शिवाय चिनी ‘नी’ नुसत्या अक्षराने भागत नाही, सूरही लागतो. खाली उतरून वर येणाऱ्या सुरात म्हटलं तर तू, चढत्या सुरात चिखल. आदरार्थी रूप ‘नीन’. ते लिहिताना ‘नी’च्या चिन्हाखाली हृदयाचं चिन्ह काढतात. तमिळमध्ये आदरासाठी ‘नींगळ’ म्हणायचं. मला विचाराल तर हृदयवाली युक्ती जास्त देखणी.

स्पेन-फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या बास्क भाषेचं जगातल्या कुठल्याही हयात भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. तिच्यात ‘नी’ म्हणजे चक्क मी. नायजेरियातल्या हौसा भाषेतही मीच. वेल्शमध्ये आम्ही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत तर एकाच घरात या ‘नी’ची तीन बिऱ्हाडं आहेत. ‘मिमी नि म्वालिमु’ म्हणजे मी शिक्षक आहे. इथे ‘नि’ म्हणजे ‘आहे’. ‘निनासोमा’ म्हणजे मी वाचतो आहे. इथे तो ‘मी’. आणि ‘न्युम्बा’ म्हणजे घर, तर ‘न्युम्बानि’ म्हणजे घरात. (ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोर हिशेब मी इथे सोडून दिला आहे; व्याकरणकारांनी क्षमा करावी.)

पण माझा जीव अडकला आहे तो जपानी ‘नि’मध्ये. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ, आणि मराठी माणसाला या भाषेची बांधणी परकी वाटत नाही: क्रियापद शेवटी, विभक्तीचं काम करणारे तुकडे नामानंतर. अशाच एका वर्गात मी मागच्या बाकावर बसून होतो. ‘सेन्सेई नि होमेरारेता’ हे वाक्य आलं. अर्थ, सरांनी कौतुक केलं. पुढची एक मुलगी खुशीत म्हणाली, “अगं, हे तर आपलंच की! सेन्सेई-नि, सरां-नी!” खरंच, ‘मुलांनी’, ‘त्यांनी’मधला आपला तृतीयेचा ‘नी’ जणू जहाजात बसून तिकडे गेलाय. हा आनंद पुढच्या वाक्यापर्यंत टिकला. ‘तोमोदाची नि होन ओ आगेरु’ म्हणजे मित्राला पुस्तक देतो. आता ‘नि’ म्हणजे ‘ला’. ‘आगेरु’च्या जागी ‘मोराउ’ ठेवा, मित्राकडून पुस्तक मिळतं. ‘नि’ म्हणजे ‘कडून’. देणारा कोण, घेणारा कोण, हे क्रियापद येईपर्यंत कळायचंच नाही! ‘तोक्यो नि इकु’, टोकियोला जातो. ‘शिचिजि नि ओकिरु’, सात वाजता उठतो. आणि नुसतं ‘नि’ म्हटलं तर दोन हा आकडा. मराठीतही आपण ‘आणि’चं ‘नि’ करतोच, तेव्हा ‘मुलांनी नि मुलींनी’ हे ऐकून जपानी माणसाचं काय होत असेल कोण जाणे.

शास्त्र थोडक्यात उरकतो. ‘न’ आणि ‘इ’ हे ध्वनी बहुतेक भाषांत आहेत, साधी अक्षरं मोजकी, आणि रोज तोंडात येणारे शब्द झिजून आखूड होतात. मग टक्कर होणारच. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या म्बाबारम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. भाषाभ्यासक डिक्सन यांनी दाखवलं, की तो इंग्रजीचा उसना नाही, शेजारच्या भाषांतल्या ‘गुडागा’चं झिजलेलं रूप आहे. नातं ठरवायला एक शब्द पुरत नाही, ध्वनींच्या नियमित जोड्यांची रांग लागते.

अशी रांग आपल्या दाराशीच आहे. धुळे-जळगावकडच्या अहिराणीत ‘माझी आई’ म्हणजे ‘मनी माय’, रामाची गाय ‘रामनी गाय’. गुजरातीतही ‘रामनी गाय’च. एकट्या ‘नी’वर मी विसंबलो नसतो, पण अहिराणीच्या पुल्लिंगी ‘ना’समोर गुजरातीत ‘नो’ उभा राहतो, लिंगाप्रमाणे होणारा बदलही जुळतो. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे या अहिराणीला, भिल्ली बोलींबरोबर एकाच खंडात ठेवलं, गुजरातीच्या जवळ. मराठीशी तिचं नातं किती जवळचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. खानदेशातल्या वाचकांना एकच विनंती: घरात आजी असेल, तर तिच्या तोंडचे ‘ना-नी’ आजच टिपून ठेवा. चिनी-तमिळच्या सोयरिकीपेक्षा ते काम कितीतरी मोलाचं आहे.