घरची नानकटाई, करवंदाचा जॅम आणि दूरचे गिऱ्हाईक

नानकटाईचे पीठ घरी मळून, ताटात वळून, वर स्वच्छ फडके झाकून गल्लीतल्या भट्टीवर नेण्याची रीत बेळगावात ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ईदेच्या आधीच्या दोन दिवसांची ती धावपळ आठवत असेल. कोणाचे ताट कोणते हे ओळखू यावे म्हणून कडेला चुन्याची खूण करीत. भट्टीवाला नगावर किंवा ताटावर पैसे घेई. आता बहुतेकांच्या ओट्यावर विजेची लहान भट्टी, म्हणजे ओव्हन, आली आहे, आणि हातात फोन आहे. त्यामुळे पूर्वी जी कला शेजारच्या चार घरांपुरती होती, तिला गावभर आणि गावाबाहेरही गिऱ्हाईक मिळू लागले आहे. आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील कितीतरी भगिनींनी असा उद्योग आरंभला आहे. त्यांपैकी पुष्कळजणी आम्हांस एकच प्रश्न विचारतात: फोनवरून विक्री वाढवावी कशी?

आमचे उत्तर बहुधा त्यांस निराश करते. विक्री वाढविणे हा या धंद्यातला सोपा भाग आहे. वाढलेली विक्री स्वयंपाकघराला पेलवणे हा खरा कठीण भाग. हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही. आमच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपाच्या, घरी जे घडले त्यावरून सांगतो.

2020 च्या टाळेबंदीत मेहुण्यांचे शिवणकामाचे दुकान बंद पडले, ते पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची. आपाने नानकटाई आणि मुरंबे विकावयास आरंभ केला. पहिली गिऱ्हाइके ओळखीची. मग त्यांच्या ओळखीची. भाचीने फोनवर पदार्थांची चित्रांसह यादी केली, आणि वर्षभरात दिवाळी, नाताळ व ईद या तिन्ही सणांना मागणी येऊ लागली. इथवर सगळे ठीक होते. बिघाड झाला तो आम्ही लक्ष घातल्यावर.

खानापूर-चंदगडकडच्या रानातून उन्हाळ्याच्या शेवटी करवंदांच्या पाट्या बाजारात येतात. आपा त्यांचा जॅम करीत असे. तो झाला की नाही हे ती थंड बशीत थेंब टाकून, बोटाने रेघ ओढून पाही. रेघेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे धावल्या नाहीत, की कढई उतरवी. आम्ही विज्ञानाचे शिक्षक. आम्हांस हे अंदाजाचे काम वाटले. मागणी मोठी होती, म्हणून आम्ही थर्मामीटर आणून दिला आणि पुस्तकात पाहून सांगितले, की पारा 105 अंश सेल्सिअसवर येईपर्यंत उतरवू नकोस. ती म्हणाली, "तुझा तो पारा राहू दे, बशी काय म्हणते ते बघ." आम्ही ऐकले नाही. एकतीस बाटल्या भरल्या. तीन आठवड्यांत तक्रारी येऊ लागल्या: जॅम चमच्याला रबरासारखा चिकटतो, तळाशी साखरेचे खडे बसले आहेत. एकतीसही बाटल्यांचे पैसे परत केले.

चूक कोठे झाली हे सांगण्यासारखे आहे. जॅम घट्ट बसतो तो तीन गोष्टींच्या मेळाने: फळातले पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पाणी आटत जाते तसा पाक दाट होतो, आणि पाक जितका दाट तितका तो अधिक तापमानाला उकळतो. म्हणून तापमानावरून दाटपणा कळतो. पुस्तकातला 105 चा आकडा मात्र समुद्रकाठचा आहे, जेथे साधे पाणी 100 अंशांना उकळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. तेवढ्या उंचीवर पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळू लागते. म्हणजे आपल्याकडे जॅम 102 च्या सुमारासच तयार होतो, आणि पुढचे तीन अंश आम्ही त्यातले पाणी निष्कारण जाळीत होतो. हा धडा आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो! खरी रीत अशी, की आधी त्याच थर्मामीटरने आपल्या घरच्या साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू मोजावा आणि त्यात साडेचार अंश मिळवावेत. गोव्यातल्या वाचकाला आणि आम्हांला वेगळा आकडा मिळेल, व दोघांचेही बरोबर असेल. थंड बशीला मात्र गाव बदलले तरी काही फरक पडत नाही.

याच्या उलट चूकही होते. हल्ली गिऱ्हाईक "साखर कमी घाला" असे सांगते, आणि त्याचे मन राखावे म्हणून साखर कमी केली जाते. जॅम टिकतो तो साखर पाण्याला बांधून ठेवते म्हणून. मोकळे पाणी उरले की बुरशी येते किंवा तो आंबतो. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ 65 टक्क्यांहून कमी नसावेत असे ठरविलेले आहे, त्यामागे हेच कारण. कमी साखरेचा पदार्थ करू नये असे नाही. पण तो जॅम म्हणून विकू नये, शीतकपाटात ठेवावयास सांगावे आणि थोड्या दिवसांची मुदत लिहावी. करवंदे घेताना थोडी अर्धीकच्ची घ्यावीत, त्यांत पेक्टिन अधिक असते. आणखी एक इशारा: नुसत्या तेलात मुरवलेली लसूण, आंबटाशिवाय, बाटलीत भरून कदापि विकू नये. हवा नसलेल्या आणि आंबट नसलेल्या जागी बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते, आणि त्याला वास किंवा रंग असतोच असे नाही.

आता भट्टीकडे वळू. आपाच्या ओव्हनमध्ये एका वेळी सोळा नानकटाया मावतात. भाजणे, थाळी काढणे, दुसरी घालणे यात पंचवीस मिनिटे जातात. अर्ध्या किलोच्या डब्यात सुमारे पंचवीस नग बसतात. म्हणजे सहा डब्यांना जवळजवळ दहा थाळ्या, आणि चार तासांहून अधिक वेळ नुसत्या भाजण्यास. बारा डबे म्हणजे आठ तास. ज्या दिवाळीत चाळीस डब्यांची मागणी एकाच आठवड्यात आली, तेव्हा आपा चार रात्री जागली. फोनवर "हो" म्हणावयास एक क्षण लागतो, परंतु ओव्हनला ते ठाऊक नसते. त्यानंतर आम्ही बसून एक साधी गोष्ट ठरविली. भाजकाम फक्त शुक्रवारी व शनिवारी, दिवसाला आठ डबे, आणि मागणी बुधवारी रात्री बंद. जॅम आणि मुरंबे मात्र हंगामात करून ठेवता येतात. ते वर्षभर यादीवर राहतात व भट्टी रिकामी असलेल्या दिवसांत विकले जातात. ज्यांस धंदा वाढवावयाचा आहे त्यांनी टिकणाऱ्या पदार्थावर वाढवावा, ताज्यावर नव्हे, असे आमचे मत त्या दिवाळीपासून झाले.

हिशेबाची गोष्ट याहून कडू आहे. डब्याची किंमत 160 रुपये ठेवलेली होती. मैदा, तूप, साखर, वेलची मिळून 105, डबा व चिठ्ठी 18, वीज 7. उरले 30. सहा डब्यांचे 180 रुपये, आणि मळण्यापासून डबा बांधण्यापर्यंत व फोनवर उत्तरे देण्यापर्यंत लागले सहा तास. ताशी तीस रुपये! हा आकडा आम्ही वहीत लिहिला तेव्हा आपा काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली. जितकी मागणी वाढत होती तितकी ती अधिक स्वस्त मजुरी करीत होती, आणि आम्ही सर्वजण तिचे कौतुक करीत होतो. किंमत 220 केली. चार नातलग रुसले, एक आत्याबाई अजून रुसलेल्याच आहेत. मागणी थोडी घटली. पण ताशी नव्वद रुपये पडू लागले, आणि भाचीच्या दुसऱ्या वर्षाची फी त्यातून भरली गेली. आमचे भगिनींना सांगणे आहे, की वहीत पहिली ओळ आपल्या मजुरीची लिहावी, मग तुपाची.

कायद्याविषयी थोडक्यात. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यासही अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. ती संगणकावरून घरबसल्या होते. मिळालेला चौदा आकडी क्रमांक चिठ्ठीवर छापावा. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख, मुदत, किंमत, करणाऱ्याचे नाव-पत्ता असावा, आणि गहू, दूध, सुकामेवा यांचा स्पष्ट उल्लेख असावा, कारण काहींना ते बाधतात. सीमाभागातील आपल्यासारख्यांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. आपले अर्धे गणगोत कोल्हापूरकडे. परंतु 2017 च्या वस्तू व सेवा कराच्या कायद्याने राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी, नोंदणी सक्तीची आहे. मावशीला भेट म्हणून बाटली पाठविणे वेगळे आणि मावशीच्या शेजारणीला विकणे वेगळे. आपा सध्या राज्यातच माल पाठविते. ज्यांस पलीकडे विकावयाचे असेल त्यांनी आधी करसल्लागारास विचारावे.

आता चिठ्ठीवरील खुणेविषयी. अंडे घातलेला केक आपल्या नियमांत मांसाहारी गणला जातो व त्यावर तपकिरी खूण लागते. शाकाहारी पदार्थावर हिरवी. आपाने अंड्याच्या केकची भांडी, थाळ्या आणि दिवसही वेगळा ठेवला आहे. एकदा अनगोळच्या एका जैन बाईंनी फोनवर संकोचत विचारले, जॅममध्ये जिलेटिन नाही ना? जिलेटिन बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. आपा हसली व म्हणाली, "ताई, तो प्रश्न बाजारातली बाटली घेताना मीच विचारते." दोघींची कारणे वेगळी, प्रश्न एकच, आणि फळातल्या पेक्टिननेच घट्ट होणाऱ्या जॅमला त्याची गरजही नाही. त्या बाई आता दर उन्हाळ्यात सहा बाटल्या नेतात. हे उत्तर यादीवर लेखी घातल्यापासून अनोळखी गिऱ्हाईक जितके वाढले, तितके कोणत्याही सुंदर चित्राने वाढले नव्हते.

चित्रे मात्र आपल्याच पदार्थाची असावीत, दिवसाच्या उजेडात काढलेली. दुसऱ्याच्या केकचे चित्र लावले, की स्वतःच्या केकला तोंड दाखवावयास जागा राहत नाही. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी अनेकांस पाठविलेला निरोप ज्यांनी आपला क्रमांक जपून ठेवला आहे त्यांसच पोहोचतो. म्हणून पहिल्याच खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकास तो ठेवावयास सांगावे. पैसे आगाऊ घ्यावेत. आणि कोणी "पैसे पाठवितो, हे चौकटीचे चित्र स्कॅन करा व पिन टाका" असे म्हणेल, तर फोन ठेवून द्यावा. पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही.

गेल्या मे महिन्यात आपाने करवंदाच्या चौसष्ट बाटल्या भरल्या. थर्मामीटर तिने टाकून दिलेला नाही. कढईच्या कडेला तो लावते, 101 वर आला की गॅस मंद करते आणि बशी मागते. बशी धरण्याचे काम आमच्याकडे आहे.