सामाईक भांडार व त्याच्या शाखा

सोलापुरांतील अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी मिळून संगणकाची एकच आज्ञावली लिहूं लागले, कीं पहिली अडचण ठरलेली: एकानें रात्रीं केलेलें काम सकाळीं दुसऱ्याच्या प्रतीखालीं नाहींसें होतें. त्यावरील उपाय म्हणजे 'गिट'. लिनक्सच्या कामासाठीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं तें साधन २००५ सालीं रचिलें. यांत प्रत्येकाजवळ सामाईक भांडाराची प्रत पूर्वेतिहासासह असते. नवें काम मुख्य प्रवाहास हात न लावितां स्वतंत्र शाखेंत करावयाचें, आणि दुसऱ्यानें तपासल्यावर तें मुख्य प्रवाहांत मिळवावयाचें. एकच ओळ दोघांनीं निरनिराळी बदलली असेल, तर निवाडा माणसासच करावा लागतो.

शाखा फार दिवस वेगळी ठेवूं नये, असें आमचें मत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली, ती १९६६ सालीं पुरी झाली; शतकानुशतकें वेगळ्या वाढलेल्या पाठपरंपरा ताडून पाहणें कांहीं सोपें नव्हे! (वेगळ्या चुलींविषयीं वाचकांस आम्हीं काय सांगावें?) शाखेस कर्त्याचें नव्हे, कामाचें नांव द्यावें; ती मिळवून झाली कीं काढून टाकावी. इतिहासांत तिच्या फेरफारांची नोंद राहतेच.