वाढदिवसाला शेळी!

यंदा वाढदिवसाला न्यू जर्सीच्या आत्यानं मला शेळी दिली! म्हणजे माझ्या नावानं गरजू कुटुंबांना जनावरं देणाऱ्या ‘हेफर इंटरनॅशनल’ या संस्थेला देणगी; माझ्या हाती आलं फक्त कार्ड. संस्थेचे संस्थापक, शेतकरी डॅन वेस्ट, स्पेनच्या यादवी युद्धात उपाशी मुलांना दूध वाटायचे. पेलाभर दूध किती पुरणार, त्यापेक्षा गायच द्यावी, हे त्यांना तिथं सुचलं. १९४४ साली पहिल्या १७ कालवडी पोर्टो रिकोला गेल्या. मला सगळ्यात भावली ती अट : जनावर मिळालेल्या कुटुंबानं त्याचं पहिलं मादी पिल्लू दुसऱ्या गरजू घराला द्यायचं. घेणाराच देणारा होतो, किती सुंदर! मात्र देणगी ठरावीक शेळीलाच बांधलेली नसते. ती संस्थेच्या एकूण कामात जाते, त्यात पशुपालनाचं प्रशिक्षणही आलं.